केकचं पुढे काय झालं?

समस्त वाचकांस, सग्यासोयऱ्यांस आणि विशेषतः नाशिक पंचक्रोशीतील तमाम कावळ्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या काकांच्या दहाव्याला, गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, पिंड मांडून दोन तास उलटले तरी कावळा शिवला नव्हता. आणि या दिरंगाईस माझ्या मते एक केक जबाबदार होता. तीन मजली, पांढराशुभ्र, वर साखरेचं जोडपं. तो केक बनून सत्तर-ऐंशी वर्षं झाली होती, बनला होता अमेरिकेत, आणि आमच्यापैकी दोघांनीच तो पाहिला होता. एक मी. दुसरे पिंडात होते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? कावळा नाही आला तर दर्भाचा कावळा करतात, पिंडाला टेकवतात आणि मोकळे होतात. बरोबर आहे. आमच्या गुरुजींनी दर्भ हातात घेतलासुद्धा होता. पण काकू घाटाच्या पायरीवर बसली होती, आणि तिनं सकाळी रिक्षातून उतरतानाच सांगून ठेवलं होतं की गवताचा कावळा तिला चालायचा नाही. खरा शिवेपर्यंत ती तिथून उठायची नाही. दहा दिवसांत ती बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. ती रडली नव्हती. कोणी काही विचारलं तर मान हलवायची, नाहीतर तेही नाही.

तिचा हट्ट कशासाठी होता हे मला एकट्याला ठाऊक होतं. काका गेले त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी दुपारी, ती त्यांच्यावर भडकली होती आणि मी तिथेच बसलो होतो. म्हणाली होती, "हसता हसता जाल एक दिवस, आणि मला तेसुद्धा कळायचं नाही." काका काही बोलले नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली. आता काकूला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. ते रागावून गेले की नाही, एवढं कळायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारा गंगेवर एकच प्राणी होता. तो समोरच्या भिंतीवर बसून पंख साफ करत होता.

आता सिनेमाकडे येतो, कारण सगळं तिथूनच आलं.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते. कोळसा वाहून नेणारा लांबच लांब पट्टा असतो, त्याच्या कडेनं पाळीभर चालत राहायचं आणि काही होऊ द्यायचं नाही, अशी त्यांची नोकरी. दगड अडकू द्यायचा नाही, ठिणगी पडू द्यायची नाही, कोणाची बाही पट्ट्यात जाऊ द्यायची नाही. तीस वर्षं त्यांनी काहीही होऊ दिलं नाही. म्हणून असेल, सुटीच्या दिवशी त्यांना अशी माणसं बघायला लागायची ज्यांच्या बाबतीत सगळंच होतं. शिडी घसरते, बादली डोक्यात बसते, दार उघडावं तर भिंतच पडते. जुने, काळे-पांढरे, मुके इंग्रजी सिनेमे. काका त्यांना 'पडापडी' म्हणत. "आज पडापडी आणलीये, ये," असा त्यांचा निरोप यायचा.

नव्वदच्या दशकात नाशिकरोडच्या एका व्हिडिओ लायब्ररीत अशा सहा कॅसेटी होत्या. कोणी नेत नसे, म्हणून त्या दुकानाच्या सर्वात खालच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमांखाली असायच्या. काकांनी त्या इतक्या वेळा आणल्या की शेवटी दुकानदारच त्यांना विचारायला लागला, कोणत्या कॅसेटीत काय आहे. पुढे व्हीसीडी आली, दुकानदारानं कॅसेटी काढून टाकल्या आणि काकांनी त्या घरी आणून दिवाणाखाली ठेवल्या. बघायला यंत्र नव्हतं तरी.

त्या सिनेमांना मागून कोणीतरी पियानो वाजवलेला असायचा. तो काकांना खपत नसे. "त्या पेटीवाल्याला गप्प कर," म्हणून ते आवाज पार बंद करायचे आणि सगळे आवाज स्वतः काढायचे. माणूस पडला की धप्प. काच फुटली की खळ्ळ. पायजम्याची नाडी सुटली की एक बारीक, करुण शीळ. विजेच्या तारेवर कोणी चढलं तर मात्र आवाज नाही. तिथं ते गंभीर व्हायचे आणि मला सांगायचे की हा मेला असता, हे खोटं आहे.

माझं काम पाट्या वाचायचं. मधूनमधून काळ्या पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं ना, ते मी मराठीत सांगायचं. मी कॉमर्सला होतो आणि माझं इंग्रजी परीक्षेपुरतं होतं. पाटी तीन सेकंद राहायची. पहिले दोन शब्द मी वाचायचो आणि बाकीचं माझ्या पदरचं घालायचो. जाडा हवालदार बोट रोखून काही बोलला की मी सांगायचो, "म्हणतोय, तुझ्या मामाला सांगतो." चांगली दोन-तीन वर्षं मी मामावरच निभावलं. एकदा काकांनी मला अगदी मनापासून विचारलं की अमेरिकेत मामाचा एवढा धाक का असतो. मी म्हणालो, तिकडे वडील फार कामात असतात.

पण एक गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांनी एकदा सिनेमा थांबवला आणि मला पडलेल्या माणसाकडे नीट बघायला सांगितलं. म्हणाले, हा उठल्यावर आधी हातपाय चाचपत नाही. आधी टोपी शोधतो. झटकतो, घालतो, मग कुठं कण्हतो. आमच्याकडे पट्ट्यावर कोणी घसरून पडलं तर तो पण आधी बघतो, कोणी बघितलं का. काका हसत होते, पण सिनेमा पुन्हा सुरू करायला त्यांनी बराच वेळ लावला.

असो. तो शेवटचा रविवार. काका निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, मी नोकरीला लागून, लग्न होऊन तिशी गाठली होती, तरी पडापडीला जायचोच. नवी व्हीसीडी होती. एका मोठ्या हॉटेलात एक काटकुळा नोकर. त्याला लग्नाचा तीन मजली केक डोक्यावर घेऊन वरच्या दिवाणखान्यात पोचवायचाय. जिना साबणाच्या पाण्यानं धुतलेला. कुत्रं पायात. वरून जाडा मॅनेजर उलटा चालत खाली येतोय, कारण तो पाहुण्यांना वाकून नमस्कार करत करत मागे सरकतोय. काका सोफ्यावरून पुढे सरकले होते. पोऱ्या घसरतो, केक डावीकडे कलतो. सावरतो, उजवीकडे कलतो. काकांच्या तोंडून आवाज येणंही बंद झालं होतं, नुसता श्वास. तो शेवटच्या पायरीवर पाय ठेवतो, मॅनेजरची पाठ त्याच्यापासून वीतभर…

आणि वीज गेली.

भारनियमनाचे दिवस होते ते. कोणत्या वारी किती वाजता वीज जाणार याचा कागद काकांनी फ्रिजवर चिकटवलेला होता, आणि त्या कागदानुसार रविवारी दुपारी वीज जायलाच नको होती. ज्या माणसानं तीस वर्षं वीज बनवायला कोळसा ढकलला, तो अंधाऱ्या टीव्हीसमोर हात तसेच पसरून बसला होता, जणू केक आपणच झेलणार आहोत. मग उन्हात दोनदा बाहेर जाऊन डीपी बघून आले. शेजाऱ्यांशी वाद घातला. घामाघूम होऊन आत आले आणि मला म्हणाले, "पडतो का रे तो?" काकू तेव्हा भडकली. साठीचा माणूस केकसाठी उन्हात पळतो म्हणून. तिचं ते वाक्य मी वर सांगितलंच आहे.

वीज चार वाजता आली. मी तोवर घरी गेलो होतो.

दवाखान्यात त्यांना नळ्या लावलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. त्यांनी बोटानं जवळ बोलावलं, तोंडावरचा मास्क जरासा उचलला आणि एकच शब्द म्हणाले. "केक?"

आता ऐका मी काय केलं ते. मी सायकलीवरून गेलो असतो तरी अर्ध्या तासात शेवट बघून परत आलो असतो. नाहीतर तिथेच काहीतरी ठोकून दिलं असतं. मामावर दोन वर्षं काढलेला माणूस मी. पण मला त्या दिवशी शहाणपण सुचलं. मी म्हणालो, "आधी बरे होऊन घरी या, मग दोघं बघू." त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

त्यानंतर सुतक. टीव्हीवर काकूच्या जाऊबाईनं, म्हणजे माझ्या आईनं, जुनी चादर टाकली. सुतकात टीव्ही लावत नाहीत हे आमच्याकडे सांगावंही लागत नाही. ती तबकडी यंत्राच्या पोटात होती, मी रोज त्या चादरीसमोर बसत होतो आणि केक पडला की नाही हे मला माहीत नव्हतं.

काकांना मुलगा नाही, म्हणून सगळे विधी माझ्याकडे आले. दहाव्या दिवशी सकाळी मी डोक्याचा चकोट करून, ओल्या पंच्यात, गंगेवर उभा होतो. पिंडासमोर काकांच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. जिलबी, कांदाभजी, चहाचा कप, तंबाखूची पुडी. सगळ्यांनी हात जोडले, मागे सरकले. कावळा आला नाही.

गंगेवरच्या कावळ्यांचं तुम्हाला माहीत असेल. त्यांना रोजची पंगत. लग्नातल्या पाहुण्यासारखे ते पानं बघत हिंडतात आणि एखाद्या पानावर नुसती मान वाकडी करून पुढे जातात. आमच्या शेजारी येवल्याकडची मंडळी होती. त्यांच्या आजीचं पान ठेवताक्षणी तीन कावळे तुटून पडले. त्यांचा एक म्हातारा आमच्याकडे बघून हळहळला, पण त्या हळहळण्यात थोडी ऐट होती हे मी शपथेवर सांगतो.

मग माझे वडील पुढे झाले. वडील बाजार समितीत कांद्याचे आडते. लिलाव पुकारायचा त्यांचा गळा. त्यांनी पिंडासमोर हात जोडले आणि धाकट्या भावाला एकेक कबुली द्यायला सुरुवात केली, आणि कावळा हलेना तशी बोली वाढत गेली. तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. कावळा जागीच. सामाईक विहिरीवर तिचा हक्क पहिला. नाही. बांधावरचा आंबा तिचा. नाही. वडिलांचा घसा बसला. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले की शाळेत असताना तुझी सायकल मीच विकली होती आणि चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं. कावळ्यानं एक पाय खाजवला.

दोन तास झाले. ऊन चढलं. गुरुजींचे पुढचे यजमान ताटकळत होते. त्यांनी दर्भाची गाठ मारली आणि वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी काकूकडे. काकूनं मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं सकाळपासून. माझ्या चुलत बहिणी तिला धरून बसल्या होत्या. बाई उन्हात अशीच बसली तर तिचंही काही होईल, हे सगळ्यांना दिसत होतं. ती पिंडाकडे बघत नव्हतीच. ती भिंतीकडे बघत होती, दार उघडायची वाट बघावी तशी.

मला माहीत होतं काय राहिलंय ते. पण कसं सांगणार? समोर पन्नास-साठ माणसं, पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून पदर, एकलहऱ्याहून आलेले काकांचे सोबती. आणि मी काय सांगू, केक? मी गुरुजींच्या कानाशी लागलो आणि म्हणालो की एक इच्छा राहिलीये, पण जरा तशीच आहे. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "बोला हो. इथं काय काय ऐकलंय मी."

मी पिंडासमोर गुडघे टेकले. "काका," म्हटलं, "तो शेवटच्या पायरीवर होता." पुढे शब्दच येईनात. कारण पुढचं मला ठाऊक नव्हतं. आणि शब्द येऊनही काय उपयोग, त्या सिनेमात शब्द नव्हतेच. मग मी उठलो. पूजेचं सामान आणलेली वेताची टोपली रिकामी पडली होती, ती डोक्यावर घेतली आणि घाटाची ओली पायरी चढायला लागलो.

आधी कोणाला कळेना. वडिलांना वाटलं मला उन्हाची भोवळ आली, ते धरायला धावले. मी त्यांनाच मॅनेजर समजून बाजूनं निसटलो. टोपली डावीकडे कलली. मी सावरली. पायाखाली शेवाळ होतं, खरंच घसरलो, टोपली उजवीकडे गेली, मी कमरेतून असा वळलो की पंचा सुटायला आला. एका हातानं पंचा, एका हातानं टोपली. धप्प आणि खळ्ळ माझ्याच तोंडून निघायला लागले. टोपी नव्हती, तर मी चकोट केलेलं डोकं झटकून पुन्हा बसवल्यासारखं केलं. एकलहऱ्याच्या मंडळींत कोणीतरी खोकल्यासारखं केलं आणि ते खोकणं पसरत गेलं. येवल्याचा म्हातारा उठून पुढे आला. वडील हात जोडून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. रडत होते की काय, मला बघायला सवड नव्हती.

कारण माझ्यावर खरं संकट आलं होतं. केक पाडू की नको? पाडला, आणि काकांना तो पोचायला हवा असला तर? पोचवला, आणि त्यांना पडायला हवा असला तर? दवाखान्यात एकदा चुकलो होतो, आता पिंडासमोर खोटं कसं सांगू? म्हणून टोपली पडायला आली की मी तिला वाचवायचो, आणि पोचायला आली की पुन्हा घसरायचो. कुत्रं आणलं. हवालदार आणला. दिवाणखाना संपला तर गच्चीवर नेली. दम लागला होता, डोळ्यांत घाम की काय ते जात होतं, आणि शेवट कुठे दिसत नव्हता. पुढे महिन्याभरानं मी तो सिनेमा पूर्ण पाहिला. माझा जास्त चांगला होता. पण त्यांनी निदान संपवला होता.

कावळा तेवढ्यात भिंतीवरून खाली आला होता. पिंडापासून दोन हातांवर, पायरीच्या कडेला बसला होता आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता. भाताकडे नाही, जिलबीकडे नाही. माझ्याकडे. मी डावीकडे कललो की त्याची मान डावीकडे.

अखेर मी खाली बसलो, आणि मी बसताच त्यानं दोन उड्या मारल्या, भातात चोच घातली आणि भज्याचा तुकडा घेऊन तो नदीवरून पलीकडे गेला, हे गंगेवरच्या सगळ्यांनी पाहिलं. काकू त्यानंतर रडली, पोटभर रडली, आणि मग पाणी प्यायली. पण मी आपणहून बसलो नव्हतो. मी आणखी तासभर चढत-घसरत राहिलो असतो. मला बसवलं ते काकूनं. दहा दिवस धड तोंड न उघडलेली बाई पायरीवरून ताडकन उठली आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरातून यायचा अगदी त्या आवाजात, सबंध घाटाला ऐकू जाईल अशी, माझ्यावर ओरडली:

"अरे, बंद कर ते आधी! ते चालू असलं की हे कधी जेवायला उठलेत का?"